न दिसणारा संगणक आणि काळी माती

आमच्या घाटाखालच्या गावांत मृगाचा पाऊस पडला की माणसे एकमेकांना एकच प्रश्न विचारतात : पेरायचे का? कृषी विभाग दरवर्षी बजावतो, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका. सल्ला योग्यच आहे. पण आपल्या वावरात आतापर्यंत नेमका किती मिलिमीटर पाऊस पडला, हे सांगणारे त्या वेळी धुऱ्यावर कोणी नसते. काही वर्षांपूर्वी एका जूनमध्ये माझ्या शेजारच्या शेतकऱ्याने, त्यांना आम्ही आबा म्हणतो, मी बनवलेल्या यंत्राचा आकडा पाहून सोयाबीन पेरले. यंत्र ८४ मिलिमीटर दाखवत होते. त्यानंतर पावसाने ओढ दिली, उगवलेले कोंब माना टाकून बसले आणि आबांना दुबार पेरणी करावी लागली. प्रत्यक्षात तेव्हा पाऊस ५० मिलिमीटरही झाला नव्हता. चूक आभाळाची नव्हती, माझी होती.

ती चूक नेमकी कोणती, हे पुढे सांगतोच. त्या चुकीमुळे मी ज्या विषयाच्या मागे लागलो, त्याला इंग्रजी ग्रंथांत जे नाव आहे त्याचे मराठी ‘सर्वव्यापी संगणन’ असे करता येईल. टेबलावर बसून वापरायचा संगणक वेगळा. इथे तो भिंतीत, विजेच्या मीटरमध्ये, विहिरीवरच्या मोटारीत, शेतातल्या खांबावर विखुरलेला असतो. तो आपल्याला दिसत नाही आणि त्याने दिसू नये, अशीच अपेक्षा असते. अशी यंत्रणा आखायची आणि उभारायची म्हणजे नेमके काय करायचे, हा या लेखाचा विषय. माझे शिक्षण बारावीपर्यंत झाले. खामगावात पंचवीसेक वर्षे रेडिओ-टीव्ही आणि पुढे मोबाईल दुरुस्त करण्यात गेली. बाकीचे जे काही आले ते जुन्या पुस्तकांतून, यंत्रे उघडून आणि जाळून आले. त्यामुळे प्रयोगशाळेतली भाषा मला येत नाही. वावरातून जे दिसले ते मांडतो.

एका इंजिनापासून अनेक मोटारींपर्यंत

या विचाराचे जनकत्व मार्क वायझर या अमेरिकन संगणकतज्ज्ञाकडे जाते. कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे झेरॉक्स कंपनीचे संशोधन केंद्र होते. तिथे १९८८ च्या सुमारास त्याने ही कल्पना मांडली आणि सप्टेंबर १९९१ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात एकविसाव्या शतकातल्या संगणकावर लेख लिहून ती जगासमोर आणली. त्याचे म्हणणे असे : जे तंत्रज्ञान खऱ्या अर्थाने रुजते ते जगण्यात इतके मिसळून जाते, की ते आहे याची आठवणही राहत नाही. लिहिलेला शब्द हे त्याचे पहिले उदाहरण. दुकानाची पाटी वाचताना आपण ‘वाचनाचे तंत्रज्ञान’ वापरत आहोत, असे कोणाच्या मनात येत नाही.

दुसरे उदाहरण मोटारीचे, आणि ते आम्हा खामगावकरांना चटकन समजावे. १८७० साली खामगावला रेल्वेचा फाटा आला आणि हे गाव कापसाच्या व्यापारासाठी दूरवर ओळखले जाऊ लागले. जुन्या पद्धतीच्या जिनिंग कारखान्यात इंजिन एकच असे. त्याच्या जोरावर छताजवळ एक लांब दांडा फिरे आणि दांड्यावरच्या पट्ट्यांवर ओळीने मांडलेली यंत्रे चालत. इंजिन बंद पडले की सगळा कारखाना थंड. पुढे विजेच्या लहान मोटारी आल्या आणि प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटार मिळाली. आज घरातल्या पंख्यात, मिक्सरमध्ये, गाडीच्या काचेत मोटार असते, पण आपण तिला मोजत नाही. संगणकाचेही असेच होईल, असे वायझरचे म्हणणे होते. आधी एका संगणकावर अनेक माणसे, मग एका माणसाला एक संगणक, आणि शेवटी एका माणसाभोवती अनेक संगणक.

त्याच्या चमूने बोटभर, वहीएवढे आणि फळ्याएवढे अशी तीन मापांची यंत्रे करून पाहिली. आजचा मोबाईल, टॅबलेट आणि वर्गातला डिजिटल फळा हे त्यांचेच वंशज म्हणता येतील. पण वायझरला हवी असलेली गोष्ट अजून पुरती आलेली नाही. त्याचा भर ‘शांत’ तंत्रज्ञानावर होता, आणि आपला मोबाईल दिवसभर आपल्याला ढोसत असतो. त्याच संशोधन केंद्रात नताली जेरेमिजेन्को या कलावंत महिलेने छताला एक छोटी मोटार लावून तिच्यापासून सुमारे आठ फूट लांबीची प्लास्टिकची दोरी लोंबती सोडली होती. मोटार केंद्रातल्या संगणकांच्या तारेला जोडलेली होती. तारेतून माहितीची ये-जा कमी असली की दोरी मधूनच थरथरे, गर्दी वाढली की गरगर फिरे. येता-जाता कोणालाही कळे, आज वाहतूक किती आहे. पडदा नाही, आकडे नाहीत. हे वाचले तेव्हा मला आमच्या गिरणीच्या पट्ट्याची आठवण झाली. त्याच्या आवाजावरून शेजारच्या गल्लीतल्या बाईला कळते, की गिरणी मोकळी आहे की दळणाची रांग लागली आहे.

चार मिलिलिटरचा हिशेब

आता माझ्या यंत्राकडे येतो. शेतातल्या सर्वव्यापी संगणनाचे सर्वांत साधे रूप म्हणजे स्वयंचलित पर्जन्यमापक. त्याचे हृदय संगणकाहून कितीतरी जुने आहे. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये क्रिस्टोफर रेन आणि रॉबर्ट हूक यांनी कलणाऱ्या वाडग्याची युक्ती वापरली होती. एक नरसाळे, त्याखाली ढेकळीसारखी दोन वाडगी. एक भरले की कलते, पाणी सांडते आणि दुसरे नरसाळ्याखाली येते. प्रत्येक वेळी कलताना त्यावरचा छोटा लोहचुंबक एका काचेच्या नळीतल्या स्विचसमोरून जातो आणि क्षणभर विद्युतमंडल जोडले जाते. संगणकाला एवढाच संदेश मिळतो : ‘एक’.

गणित सोपे आहे. नरसाळ्याचा व्यास १६ सेंटिमीटर असला तर तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे २०० चौरस सेंटिमीटर. वाडगे ०.२ मिलिमीटर पावसाला कलावे अशी रचना असेल, तर २०० गुणिले ०.०२ सेंटिमीटर, म्हणजे ४ घन सेंटिमीटर, म्हणजेच ४ मिलिलिटर पाण्याला ते कलले पाहिजे. त्यामुळे तपासणीही घरच्या घरी होते. ४०० मिलिलिटर पाणी मोजून घ्यावे, नरसाळ्यात हळूहळू ओतावे, आकडा १०० यायला हवा.

मी ही तपासणी केली होती. १०० च्या जागी ९९ आले आणि मी खूश झालो. मग पावसाळ्याच्या तोंडावर स्विचची नळी तडकली. मी दुकानातली दुसरी बसवली आणि पुन्हा तपासणी केली नाही. तिथेच घात झाला. यांत्रिक स्विच बंद होताना त्याच्या पात्या एकदाच भिडत नाहीत, चेंडूसारख्या क्षणात दोन-तीनदा उसळतात. डोळ्याला ते दिसत नाही, पण संगणकाला दिसते, कारण त्याच्या दृष्टीने सेकंदाचा हजारावा भागही मोठा असतो. जुन्या स्विचची उसळी माझ्या मंडलाने गिळली होती, नव्याची गिळली नाही. वाडगे एकदा कलले की यंत्र कधी एक मोजी, कधी दोन. पाऊस ५० च्या आत आणि आकडा ८४, तो असा.

उपाय प्रोग्रॅममधल्या एका ओळीचा होता : एकदा मोजल्यावर पुढचा अर्धा सेकंद कान बंद ठेव. असे केल्याने खरा पाऊस निसटणार नाही ना? ताशी १०० मिलिमीटर म्हणजे ढगफुटीसारखाच पाऊस धरला, तरी तासाला ५०० वेळा वाडगे कलते, म्हणजे दर ७.२ सेकंदांनी एकदा. अर्धा सेकंद झोपायला भरपूर वेळ आहे.

मी आबांकडे गेलो आणि सगळे खरे सांगितले. ते म्हणाले, “भाऊ, यंत्र तुमचं होतं, पण वावर तं माहं होतं. म्या मुठीत माती धरून पाहाले पाहिजे होती.” दुसऱ्या दिवशी मी सोयाबीनच्या बियाण्याची थैली त्यांच्या ओसरीवर नेऊन ठेवली. त्यांनी ती घेतली, याचे मला बरे वाटले.

शून्य म्हणजे काय?

पुढच्या वर्षी उलट झाले. आजूबाजूला पाऊस आणि यंत्राचा आकडा शून्य. जाऊन पाहिले तर नरसाळ्याच्या भोकात कुंभारमाशीने मातीचे घर बांधले होते. बॅटरी ठीक, संदेश वेळेवर येत होते, संगणकाच्या दृष्टीने सगळे आलबेल होते. तो प्रामाणिकपणे सांगत होता : शून्य.

या यंत्रणा आखणाऱ्याने पहिल्या दिवशी भिंतीवर लिहून ठेवावे असे मला वाटते ते हेच, की ‘पाऊस पडला नाही’ आणि ‘मला माहीत नाही’ ही दोन वेगळी उत्तरे आहेत. टेबलावरचा संगणक बिघडला तर समोरच्या माणसाला लगेच कळते. न दिसणारा संगणक बिघडतो तोही न दिसताच. म्हणून त्याला स्वतःच्या अज्ञानाची जाणीव करून द्यावी लागते. मी आता दोन गोष्टी करतो. थोड्या अंतरावर दुसरा मापक ठेवतो. दोघांत फार तफावत आली तर यंत्राने आकडा सांगायचा नाही, ‘माहीत नाही’ म्हणायचे. आणि पावसाळ्यात दर सोमवारी शेजारचा एक शाळकरी मुलगा जाऊन नरसाळ्यात मोजून २०० मिलिलिटर पाणी ओततो. ५० वेळा वाडगे कलले पाहिजे. ओतण्यापूर्वी तो खोक्यावरच्या खुणेला एक चुंबक लावतो. त्यावरून यंत्राला कळते की हा पाऊस नव्हे, परीक्षा आहे. आमच्याकडे याला ‘लोटा ओतणे’ म्हणतात.

झोपेतून दचकून उठणारे यंत्र

शेतात वीज नसते, किंवा रात्री असते. म्हणून यंत्राला बॅटरीवर जगावे लागते आणि इथे खरी कसोटी लागते. २,००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी घ्या. रेडिओ चालू ठेवून यंत्र सतत जागे राहिले तर ते साधारण १०० मिलिअँपिअर ओढते, म्हणजे २० तासांत खेळ खलास. तेच यंत्र दर १५ मिनिटांनी फक्त ५ सेकंद जागे झाले तर? १५ मिनिटे म्हणजे ९०० सेकंद. सरासरी प्रवाह १०० गुणिले ५ भागिले ९००, म्हणजे ०.५६ मिलिअँपिअरच्या आसपास. तीच बॅटरी कागदावर ३,६०० तास, म्हणजे १५० दिवस चालते. मृगात बसवली तर दसऱ्यापर्यंत पाहायला नको. झोपेतही थोडा प्रवाह लागतोच आणि बॅटरी उन्हाने म्हातारी होते, म्हणून सोबत तळहाताएवढा सौर पत्रा लावतो. शिवाय झोपेतही एक कान उघडा ठेवावा लागतो. वाडगे कलले की यंत्र क्षणभर दचकून उठते, आकडा एकने वाढवते आणि पुन्हा झोपते.

दुसरा प्रश्न संदेशाचा. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या यंत्रांना परवान्याशिवाय वापरता येतो. त्यावरून काही किलोमीटर अंतरावर थोडीशी माहिती पाठवता येते. आमचा ग्राहक, म्हणजे संदेश घेणारी पेटी, पिठाच्या गिरणीच्या छतावर आहे. तूर उंच वाढली आणि पानांवर पाणी साचले की काही संदेश गळतात. म्हणून यंत्र ‘गेल्या १५ मिनिटांत किती’ असे सांगत नाही. ‘मृगापासून आजवर एकूण किती’ असे सांगते. मधला एखादा संदेश हरवला तरी पुढचा आला की हिशेब जुळतो. दुकानदार उधारीच्या वहीत प्रत्येक ओळीखाली एकूण बाकी लिहितो, त्यातलेच हे शहाणपण.

भेगाळणारी माती

पावसाचे जमले, तर मातीतला ओलावा का मोजू नये? इथे काळ्या मातीने मला बराच काळ खेळवले. बाजारात मिळणारी स्वस्त ओलावामापके विद्युतधारकतेवर चालतात. पाण्याचा विद्युतगुणांक ८० च्या आसपास, कोरड्या मातीचा तीन ते पाच, हवेचा एक. माती जितकी ओली तितका आकडा मोठा. तत्त्व सुंदर आहे. पण आमच्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे चिकणखनिज भरपूर असते. पाणी प्यायले की ते फुगते, सुकले की आकसते. पावसाने आठ-पंधरा दिवस ओढ दिली की जमिनीला भेगा पडतात, आणि मापकाच्या पट्टीला लागून भेग पडली तर पट्टी मातीऐवजी हवा मोजू लागते. माती थोडी सुकली असता यंत्र सांगते, पार वाळवंट झाले.

पूर्णेच्या खोऱ्यात याच्या अगदी उलट अडचण. संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा, शेगाव तालुक्यांचा काही भाग खारपाणपट्ट्यात येतो. तिथे मातीत आणि भूजलात क्षार आहेत. खारे पाणी वीज वाहून नेते आणि स्वस्त मापक त्यालाच जास्तीचा ओलावा समजतो. म्हणजे एकच यंत्र आमच्या भेगांत तहान वाढवून सांगते आणि खारपाणपट्ट्यात लपवते. कारखान्यातून आलेले कोष्टक इथे चालत नाही. प्रत्येक वावरासाठी ते नव्याने करावे लागते : मातीचा नमुना घ्या, तोला, १०५ अंश सेल्सिअसला चोवीस तास वाळवा, पुन्हा तोला. वजनातला फरक म्हणजे पाणी. पद्धत वेळखाऊ आहे, पण दुसरी खात्रीची नाही.

हे करताना लक्षात आले की आपल्या भाषेत या मोजमापाला आधीच एक शब्द आहे : वाफसा. वाफसा म्हणजे नुसता ओलावा नव्हे. मातीत पाणीही आहे आणि हवाही खेळते आहे, अवजार चालेल आणि ढेकूळ निघणार नाही, अशी अवस्था. शेतकरी मुठीत माती दाबतो, सोडतो, ती कशी फुटते ते पाहतो. एका आकड्यात न मावणारी ती गोष्ट आहे. म्हणून मी ओलावामापकाचा आकडा आता कोणाला सांगत नाही. कालच्यापेक्षा आज वाढ आहे की घट, एवढेच सांगतो.

पुण्याची मोटार, वारणेचा फोन

महाराष्ट्रात हे प्रयोग नवे नाहीत, आणि यशस्वी कोणते झाले ते पाहणे उद्बोधक आहे. मुंबईच्या आयआयटीतील संशोधकांनी नाशिकजवळच्या सुला द्राक्षमळ्यात बिनतारी मापकांचे जाळे उभारले होते. तापमान, आर्द्रता आणि पानांवरचा ओलसरपणा यांवरून द्राक्षावरच्या रोगाचा अंदाज आधीच यावा, हा हेतू. द्राक्षासारख्या महागड्या पिकाला असा खर्च पेलतो. कोरडवाहू सोयाबीन-कपाशीचे गणित वेगळे आहे.

त्या मानाने पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांचे ‘नॅनो गणेश’ हे यंत्र अगदी साधे. विहिरीवरच्या मोटारीला जोडायचे आणि मोबाईलवरून मोटार चालू-बंद करायची. वीज आहे की नाही, तेही त्यावरून कळते. २००९ साली नोकियाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत त्याला पुरस्कार मिळाला. आज अशी अनेक यंत्रे बाजारात आहेत आणि गावोगाव दिसतात. कारण उघड आहे. शेतीची वीज आठवड्यातले काही दिवस रात्री येते. रात्री दोन वाजता अंधारात विहिरीवर जायचे म्हणजे साप-विंचवाची भीती. ती फेरी वाचली. शेतकऱ्याने त्याला संगणक म्हटले नाही, ‘ऑटो’ म्हटले. वायझरला हेच हवे होते : नावही न घेता वापरला जाणारा संगणक.

वारणेची गोष्ट याहून बोलकी आहे. कोल्हापूरकडील वारणा सहकारी समूहाच्या परिसरात १९९८ मध्ये गावोगावी संगणक बसवण्याचा प्रकल्प सुरू झाला. सुमारे ७० गावे त्यात होती. इंटरनेटवरून शेतीची, बाजाराची, शिक्षणाची माहिती गावाला मिळावी, असे स्वप्न होते. प्रत्यक्षात त्या संगणकांचा मुख्य उपयोग झाला तो ऊस किती गेला, खत किती उचलले, बिल किती झाले, या नोंदींसाठी. पुढे बंगळुरूच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधील संशोधकांनी हे नीट पाहिले आणि सात गावांत संगणकाच्या जागी साधा मोबाईल दिला. एसएमएसवर तेच काम होऊ लागले, आणि खर्च कमी. मला यात भव्य संगणकाचा पराभव दिसत नाही. लोकांना नेमके काय हवे आहे, हे वापरातून कळले आणि मग यंत्र त्या मापाचे झाले. आधी यंत्र आणि मग गरज शोधणे, हा आपल्याकडचा जुना रोग आहे. मीही त्यातून सुटलो नव्हतो.

पासष्टचा उंबरठा

आतापर्यंत यंत्र सल्ला देत होते. ते निकाल देऊ लागले की प्रश्न बदलतो. २०१७ पासून राज्यात ‘महावेध’ प्रकल्पांतर्गत महसूल मंडळनिहाय स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. त्यांची संख्या दोन हजारांवर आहे. तापमान, आर्द्रता, वारा, पाऊस यांची नोंद माणसाच्या मदतीशिवाय होत राहते. पूर्वी तालुक्याला एखादा पर्जन्यमापक असे. एक माणूस सकाळी साडेआठला जाऊन पाणी मोजी आणि वहीत लिही. त्या मानाने ही फार मोठी मजल आहे, याबद्दल शंका नको.

पण मंडळ म्हणजे अनेक गावे. २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस झाला की त्या मंडळात अतिवृष्टी धरली जाते आणि पुढे पंचनामे, मदत यांचा मार्ग त्यावरून जातो. फळपिकांचा हवामान आधारित विमाही असाच. बागेतले नुकसान कोणी येऊन पाहत नाही. संदर्भ केंद्राचा आकडा ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला तर भरपाई, नाही तर नाही. संग्रामपूर, जळगाव जामोदकडच्या संत्रा बागायतदाराला हा शब्दन् शब्द ठाऊक आहे.

जूनमधला पाऊस ढगांच्या ताट्यांनी पडतो. घाटावर धो-धो आणि घाटाखाली ऊन, हे आम्ही नेहमी पाहतो. एकाच शिवारात या टोकाला नाला वाहतो आणि त्या टोकाला धूळ उडते. माझ्या दोन मापकांत फार अंतर नाही, तरी एका संध्याकाळी एकाने दुसऱ्याच्या निम्माही पाऊस दाखवला नाही. दोन्ही तपासले, दोन्ही बरोबर होते. शिवाय कलणाऱ्या वाडग्याचा एक स्वभाव आहे. मुसळधार पावसात वाडगे कलत असतानाच्या क्षणात आलेले पाणी हिशेबात येत नाही, म्हणून ते थोडे कमी मोजते. म्हणजे पाऊस जितका मोठा, तितकी मोजणीतली तूट वाढते. जाणकार उत्पादक त्यासाठी दुरुस्तीचे कोष्टक देतात. तरीही कुठल्याही मापकाच्या आकड्याभोवती थोडी धूसर कड असते आणि नियमाचा उंबरठा मात्र पातळ रेषेसारखा असतो. ६४ आणि ६६ यांतला फरक यंत्राच्या दृष्टीने किरकोळ, शेतकऱ्याच्या दृष्टीने वर्षाचा.

यावर यंत्रे काढून टाकणे हा उपाय नव्हे. अधिक ठिकाणी मोजणे, मोजणी सर्वांना पाहता येणे, आणि आकड्यावर हरकत घेण्याची सोपी वाट असणे, हे तीन उपाय आहेत. पहिला तंत्रज्ञांचा, उरलेले दोन आपल्या सर्वांचे. सर्वव्यापी संगणनाच्या अगदी सुरुवातीपासून ही चिंता लागलेली आहे. केंब्रिजमधल्या ऑलिवेट्टीच्या प्रयोगशाळेत छातीवर लावायचा एक बिल्ला तयार झाला होता. इमारतीत कोण कुठल्या खोलीत आहे ते तो अदृश्य किरणांनी सांगे. फोन नेमका त्या खोलीत लावता यावा, इतकाच साधा हेतू होता. पण तोच बिल्ला पाळतही ठेवू शकतो. पावसाचा आकडा खासगी नसतो, पण विजेचा मीटर आणि मोटारीचा ‘ऑटो’ सांगतात की घरात कोण कधी जागे आहे, शेतावर कोण गेले नाही. यंत्र दिसत नसेल तर त्याची वही तरी दिसली पाहिजे, आणि ती कोणाकडे आहे हेही.

फळ्यावरचा आकडा

शेवटचा प्रश्न : मोजलेले लोकांपर्यंत कसे न्यायचे? आमच्या जिल्ह्यात जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळची घटमांडणी प्रसिद्ध आहे. अक्षय्य तृतीयेच्या सायंकाळी शेतात घट मांडतात. भोवती अठरा धान्ये, मधल्या खड्ड्यात पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळे, त्यांवर घागर. दुसऱ्या दिवशी पहाटे ढेकळे किती भिजली, धान्ये किती हलली यावरून पाऊस-पिकाचे भाकीत सांगतात. त्याला शास्त्रीय आधार नाही आणि रात्रभरात भिजलेल्या ढेकळावरून चार महिन्यांचा पाऊस कळू शकत नाही, हे मी स्पष्ट म्हणतो. तरी हजारो माणसे पहाटे तिथे उभी का राहतात, हे यंत्र बनवणाऱ्याने पाहून यावे. चिन्हे सर्वांच्या ओळखीची आहेत : ढेकूळ, घागर, करडई, पापड. वाचन सर्वांसमोर, मोठ्याने होते. घरी जाताना माणसे त्यावर वाद घालतात. आमच्या यंत्रांपाशी मोजमाप असते, पण ही बैठक नसते.

मी आधी मोबाईलवर संदेश पाठवत होतो. जाहिरातींच्या गर्दीत ते कोणी पाहीना. मग जेरेमिजेन्कोबाईंच्या दोरीची नक्कल करत पारावर रंगीत दिवा लावला. दोन दिवसांत लोकांनी तो कुठल्याशा नवसाचा धरला. शेवटी गिरणीच्या दारात शाळेचा टाकाऊ फळा टांगला. गिरणीवाल्याची मुलगी सकाळी पेटीतला आकडा पाहून खडूने लिहिते. तीन रकाने आहेत : काल, मृगापासून एकूण, आणि शेरा. शेऱ्यात कधी ‘लोटा बरोबर’ असते, कधी ‘माहीत नाही’. ज्या दिवशी ‘माहीत नाही’ लिहिलेले असते त्या दिवशी फळ्यापुढे गर्दी जास्त असते, आणि मग माणसे आपापल्या वावरातली माती मुठीत धरून पाहायला जातात.

आबांनी आता आपल्या धुऱ्यावर सरळ बाजूंचा एक पत्र्याचा डबा ठेवला आहे. पाऊस उघडला की ते त्यात पट्टी बुडवतात आणि गिरणीवर येऊन फळ्याशी ताडून पाहतात. दोन-चार मिलिमीटरचा फरक असला तर भांडतात. यंदा मृगाच्या आदल्या दिवशी ते दळण घेऊन आले, कोऱ्या फळ्याकडे पाहिले आणि मला म्हणाले, “भाऊ, लोटा वतला का?”